सत्तावीस कलमांचा ताप

जानेवारीत युवा महोत्सव झाला आणि तिसऱ्याच दिवशी विद्यापीठाच्या वसतिगृहात खोकल्याचे आवाज सुरू झाले. आधी लोकनृत्याचा संघ पडला, मग मूकनाट्यवाले. आठवडा संपायच्या आत साठ-सत्तर मुलंमुली अंथरुणाला खिळली. तपासणीत फ्लू निघाला. कुलगुरूंनी तातडीची बैठक घेतली आणि आरोग्याच्या सूचना काढायचं काम विद्यार्थी विकास विभागाचे संचालक डॉ. चिंतामणी मैंदर्गीकर यांच्यावर सोपवलं.

मैंदर्गीकर सरांच्या नावामागचं डॉक्टर हे भूजलाचं होतं. अक्कलकोट तालुक्यातल्या विहिरींवर सहा वर्षं घालवून त्यांनी प्रबंध लिहिला होता. माणूस कष्टाळू, कुणाचं वाईट न चिंतणारा. फक्त कुठलीही गोष्ट थोडक्यात सांगितली की ती अर्धवट राहिली, असं त्यांना मनापासून वाटायचं. मुलगा अनीश तिसरीत असताना तो पोटदुखीमुळे शाळेत येणार नाही अशी चिठ्ठी त्यांनी बाईंना पाठवली होती, ती दोन पानांची होती. बाईंनी ती मुख्याध्यापकांकडे पाठवली होती, कारण त्यांना ती तक्रार वाटली.

विद्यापीठाच्या दवाखान्यात डॉ. वैजयंती म्हमाणे यायच्या. त्या खऱ्या डॉक्टर. सर त्यांच्याकडे गेले तेव्हा बाहेर तीस मुलं बसली होती. मॅडमनी औषधाच्या चिठ्ठीमागे भराभर चार ओळी लिहिल्या. ताप आहे तोवर खोलीत विश्रांती घ्या. भरपूर पाणी प्या, जेवण सोडू नका. खोकताना तोंड झाका, हात धुवा. दम लागला, छातीत दुखलं किंवा तीन दिवसांत ताप उतरला नाही तर लगेच दवाखान्यात या.

सरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "मॅडम, एवढंच?"

"फ्लूला एवढंच लागतं, सर."

"पण हे परिपत्रक वाटत नाही."

"मग वरती परिपत्रक असं लिहा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या मुलाला आत बोलावलं.

सरांनी एक अख्खा दिवस बसून सत्तावीस कलमांचं परिपत्रक तयार केलं. शिंक कोपरात द्यावी, हे सातवं कलम. त्याला पोटकलम होतं, की उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी डाव्या कोपरात द्यावी. बाराव्या कलमात दर दोन तासांनी कोमट पाणी होतं. विद्यापीठाच्या आवारात असताना ज्याला ताप येईल त्याने, मग तो कोणत्याही पदावर असो, ताप उतरेपर्यंत फाटकाबाहेर जाऊ नये, हे पाचवं. नवव्या कलमात हेल्पलाइनचा नंबर होता. वेगळ्या फोनला मंजुरी यायला महिना लागला असता म्हणून सरांनी स्वतःचाच मोबाइल नंबर दिला, पण नाव घातलं नाही. दोन्ही पानांखाली सही, शिक्का. पाचशे प्रती निघाल्या आणि भिंती दिसेनाशा झाल्या.

पाचव्या कलमासाठी सर स्वतः फाटकावर गेले. तिथे बिरुदेव होता, नातेपुत्याकडचा, बारा वर्षं नोकरी झालेला. सरांनी त्याच्या हातात ताप मोजायचं यंत्र दिलं, ते कपाळासमोर कसं धरायचं ते दाखवलं आणि बजावलं, "कुणाचीही गय करायची नाही, बिरुदेव. उद्या मी आलो तरी."

"तुमी आला तरी," बिरुदेव म्हणाला.

चौथ्या दिवशी, गुरुवारी दुपारी, सरांना कचेरीत बसल्याबसल्या थंडी वाजू लागली. बाहेर लख्ख ऊन होतं. सरांनी पंखा बंद केला, मग खिडकी बंद केली, मग कपाटातली पाहुण्यांना द्यायची शाल काढून पांघरली. तीन वाजता त्यांनी घरी जाऊन पडायचं ठरवलं. स्कूटर फाटकाशी थांबली आणि त्यांना लागोपाठ चार शिंका आल्या. चारही उजव्या कोपरात गेल्या.

बिरुदेवने यंत्र कपाळासमोर धरलं, आकडा वाचला आणि आडवा बांबू होता तिथेच राहू दिला.

"एकशे एक पॉइंट चार हाय, सर."

"उन्हातून आलोय, त्याने जास्त दाखवत असेल."

बिरुदेवने त्यांना सावलीत उभं केलं, पाच मिनिटं थांबला आणि परत मोजला. एकशे एक पॉइंट सहा.

"बिरुदेव, मी घरी जाऊन झोपणार आहे. घर भवानी पेठेत आहे, वीस मिनिटांचा रस्ता."

"ते बरोबर हाय की. पण ह्यात तसं न्हाय." त्याने खिशातून परिपत्रकाची घडी काढली. ओळीवर बोट ठेवून त्याने पाचवं कलम सावकाश वाचलं. "कोणत्याही पदावर असो. खाली सही तुमचीच हाय."

"मी लिहिलंय ते, मला माहीत आहे काय म्हणायचं होतं ते."

"मला वाचायला येतं तेवढंच म्हाईत हाय, सर. परवा त्या रजिस्ट्रार सायबांच्या डायवरला सोडलं न्हाय म्हणून त्यांनी लई बोलून घेतलं मला. आता तुमाला सोडलं तर मी त्यांना काय तोंड दाखवू?"

सरांनी बायकोला फोन लावला. यशोदाताई शाळेत शिकवायच्या आणि त्यांच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही ते परिपत्रक फिरलं होतं.

"यशोदा, मला जरा ताप आहे. हा बिरुदेव सोडत नाही. तू त्याच्याशी बोल."

"अहो, किती आहे ताप?" त्यांनी काळजीने विचारलं. सरांनी आकडा सांगितला. "अनीशची प्रॅक्टिकल सोमवारपासून आहेत, बारावीची. चौदावं कलम तुम्हीच लिहिलंय ना, परीक्षेच्या मुलांपासून रुग्णाला वेगळं ठेवावं म्हणून? आपल्याकडे दोनच खोल्या. ठेवू कुठं तुम्हाला वेगळं?"

"म्हणजे मी इथंच राहू?"

"तिथं डॉक्टर आहेत. मी डबा पाठवते. चादर घेऊन येऊ का?"

संध्याकाळी त्या खरंच रिक्षाने आल्या, फाटकावर थांबल्या आणि चादर, कपडे, कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी बिरुदेवच्या हाती देऊन, लांबूनच हात हलवून परत गेल्या. सरांना वाटलं, थोडं तरी भांडायला हवं होतं हिने.

वसतिगृहाच्या तळमजल्यावरची पाहुण्यांची खोली आजाऱ्यांसाठी ठेवली होती. तीन खाटा. दोन भरलेल्या होत्या. खिडकीजवळ नातेपुत्याचा युवराज होता, संख्याशास्त्र शिकणारा, पण बोलणं अजून गावाकडचं. भिंतीकडे दुधनीचा शिवयोगी, घरी कन्नड आणि वर्गात मराठी बोलणारा, एमकॉमचा. सर मास्क, कानटोपी आणि शाल अशा थाटात आत गेले. मुलांनी त्यांना ओळखलं नाही. बिरुदेव दारातून एवढंच म्हणाला, "हे बी सरच हायत, भूशास्त्राचे." सरांनी पुढे काही सांगितलं नाही. अंगात त्राण नव्हतं, आणि समोरच्या भिंतीवर त्यांचंच परिपत्रक लटकत होतं.

"घ्या सर, पडा," युवराज म्हणाला. "पाणी हितं हाय. पण गार. गिझर दिवाळीपासनं बंद हाय."

"कोमट पाणी मिळत नाही?" सरांनी मास्कमधून विचारलं.

"कुटनं मिळणार? त्यात लिवलंय दर दोन तासाला कोमट. लिवणाऱ्याला पत्ता तरी हाय का गिझरचा?"

"माणूस विद्वान असंल," शिवयोगी म्हणाला. "शिंकताना लिहायचा हात कुठला ते आठवायचं म्हणे. मी आठवेपर्यंत शिंक येऊन जाती."

"आन हेल्पलाइन," युवराज उठून बसला. "काल दोनदा लावली. काय बी विचारा, त्यो मानूस म्हणतो, 'कलम सोळा पाहावे.' सोळा पाह्यलं तर त्यात 'कलम तीन पाहावे'. आज परत लावतो. गिझरचं सांगून टाकतो."

सरांचा हात चादरीखालून खिशाकडे गेला, पण बोटं थंडीने आखडली होती. बटण सापडायच्या आत फोन वाजला.

मोठ्याने वाजला. सरांनी तो पोटाशी दाबला. युवराजने फोन कानाला लावलेलाच होता. वाजायचं थांबलं. युवराजने परत लावला. चादरीतून परत वाजू लागला.

"सर, तुमचा फोन वाजतोय," शिवयोगी म्हणाला.

आता न उचलणं जास्त वाईट दिसलं असतं. सरांनी फोन कानाला लावला, भिंतीकडे तोंड केलं आणि होईल तेवढ्या हळू आवाजात म्हणाले, "हेल्पलाइन. बोला."

युवराजला तो शब्द एका कानात फोनमधून आणि दुसऱ्या कानात खोलीतून ऐकू आला. त्याने शिवयोगीकडे पाहिलं. शिवयोगीने छताकडे पाहिलं. फोन ठेवणं उद्धटपणाचं झालं असतं आणि चालू ठेवणं विचित्र, पण युवराज घरचे संस्कार असलेला मुलगा होता. तो तसाच, फोन कानाला लावून, दोन हातांवरच्या चादरीशी अतिशय अदबीने बोलू लागला.

"नमस्कार सर. मी तळमजल्यावरनं बोलतोय. हितला गिझर बंद हाय."

"नोंद घेतली आहे," चादर म्हणाली.

"धन्यवाद सर. तब्येत कशी हाय आपली?"

चादर जरा हलली. मग सर म्हणाले, "बरी नाही. डोकं फुटतंय."

"मग फोन ठेवा सर आन गोळी घ्या. डॉक्टर मॅडमनी दिल्यात, टेबलावर हायत. शिवयोग्या, सरांना पाणी दे."

दोघांनी फोन ठेवले. शिवयोगीने पाणी दिलं. कुणीच कुणाकडे पाहिलं नाही. मग सरांना हसू आलं, हसताना खोकला आला आणि खोकता खोकता त्यांनी मास्क काढला. युवराजने लाजून दोन्ही हात जोडले. "सर, विद्वान म्हणाला तो हा शिवयोगी. मी न्हाय."

शुक्रवारी सरांचा ताप एकशे दोनच्या वर गेला. आणि हेल्पलाइन नेमकी त्या दिवशी फार वाजली. सकाळी नऊ ते अकरात चाळीस फोन आले. सर प्रत्येकाला 'कलम' एवढंच म्हणायचे आणि पुढचा आकडा त्यांना आठवायचा नाही. शेवटी युवराजने त्यांच्या हातातून फोन अलगद काढून घेतला. त्याचा स्वतःचा ताप कालपासून उतरला होता.

"हेल्पलाइन. काय होतंय तुला?" तो म्हणाला. "जेवलास का? कालपासनं न्हाय? आदी कायतरी खा. मेसला सांग ताटातनं खोलीत पाठवा म्हणून, देत्यात. आंगोळ? कोमट पाण्यानं कर, गिझर चालू असला तर. नसला तर नको करू, कोण बघतंय."

दुधनीहून, मैंदर्गीहून आयांचे फोन यायचे ते शिवयोगी घ्यायचा. पलीकडून 'ऊटा माडिदी?', म्हणजे जेवलास का, असा सूर लागला की तो आपल्याच आईशी बोलल्यासारखा पाय पसरून बोलत बसायचा. सर पडल्यापडल्या ऐकत होते. दोन दिवसांत त्यांनी एक गोष्ट मोजली. त्यांच्या सत्तावीस कलमांपैकी चोवीस कलमांबद्दल कुणी एक अक्षर विचारलं नाही. लोक विचारत होते जेवण खोलीत येईल का, हजेरी जाईल का, आईला सांगू की नको.

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला एक फोन आला. मुलींच्या वसतिगृहातून सई नावाची मुलगी बोलत होती. सर्दी-ताप पाच दिवस होता, आता ताप परत चढला होता.

"जेवलीस का?" युवराजने नेहमीप्रमाणे विचारलं.

"नाही... जिना... चढले तर..." ती थांबली. "बोलताना पण..."

सर उठून बसले. त्यांना स्वतःचंच तेविसावं कलम आठवलं. "तिला दम लागतोय. तेविसावं कलम. तिला दवाखान्यात जायला सांग."

"दम का लागतोय, ते विचार," शिवयोगी म्हणाला.

"विचारत बसू नका, मॅडमना लावा फोन," सर म्हणाले. तिघंही एकदम बोलत होते. शिवयोगीने स्वतःच्या फोनवरून डॉ. वैजयंतींना गाठलं. मॅडम दवाखान्यातच होत्या, दोन मिनिटांत निघाल्या. सईच्या बोटाला यंत्र लावलं तर ऑक्सिजन एक्क्याण्णव. विद्यापीठाच्या गाडीतून तिला लगेच इस्पितळात नेलं. फाटकावर बिरुदेवने लांबूनच गाडी ओळखली आणि कुणी सांगायच्या आत बांबू वर केला.

संध्याकाळी मॅडम सरांना तपासायला आल्या. न्यूमोनिया होता, वेळेवर नेलं, आता ती ठीक आहे, असं त्यांनी सांगितलं. मग त्या खुर्ची ओढून बसल्या. "मी तिच्या मैत्रिणीला, त्या ऋतुजाला विचारलं, दम लागला तर लगेच यायचं हे तुम्हाला माहीत नव्हतं का. ती म्हणाली, असं कुठे लिहिलंय? परिपत्रक तिच्या दाराला चिकटवलेलं होतं. मी ते वाचलं. ते अठराव्या कलमाशी संपतं."

"सत्तावीस आहेत," सर म्हणाले.

"उरलेली मागच्या पानावर आहेत, सर. झेरॉक्स एकाच बाजूने काढली."

शिवयोगीने उठून भिंतीवरचा कागद काढला आणि उलटला. मागची बाजू कोरी होती. पुढे खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'कृ. मा. पा.', म्हणजे कृपया मागे पाहा.

"हे कुणाचं नाव असंल असं वाटायचं मला," युवराज म्हणाला.

सर बराच वेळ तो कोरा कागद पाहत बसले. ताप उतरत होता, अंगाला घाम सुटला होता, पण चेहरा पडला तो तापाने नव्हता. त्या मुलीला काही झालं असतं तर, हे वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना. मॅडमनाही ते कळलं आणि त्यांनी विषय वाढवला नाही.

"चिठ्ठीमागच्या तुमच्या चार ओळी," सर शेवटी म्हणाले, "त्यात ही होती."

"होती."

"परत लिहून द्याल?"

"मी सांगते, या मुलांना लिहू दे. त्यांना लोक काय विचारतात ते माहीत आहे."

युवराज आणि शिवयोगीने रात्रीच्या जेवणाआधी कागद तयार केला. सात ओळींचा. दम लागणं सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, मॅडमच्या नंबरासकट. मग ताप असेल तर खोलीत राहा, हजेरी कापली जाणार नाही. जेवण खोलीत येईल, मेसला फोन करा. खाली तेच सगळं शिवयोगीने कन्नडमध्ये लिहिलं, आयांसाठी. युवराजने 'घरी आईला सांगा, ती ओरडेल पण सांगा' अशी एक ओळ घातली होती, ती मॅडमनी राहू दिली. शिवयोगीने मिऱ्याच्या काढ्याची ओळ घातली होती, तिच्यापुढे मॅडमनी 'हवा असल्यास, पण गोळीऐवजी नाही' असं लिहिलं.

सरांनी कागद दोनदा वाचला. त्यांनी पेन उघडलं, एका ओळीच्या शेवटी कंस सुरू केला आणि मॅडमकडे पाहिलं. सरांनी कंस खोडला आणि खाली सही केली. रविवारी सकाळी जुने कागद उतरवून नवे लागले. गिझर सोमवारी दुरुस्त झाला, कारण सरांनी वायरमनला फोन न करता स्वतः, शाल पांघरून, त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं ठरवलं आणि वायरमन त्यांना येताना पाहून लांबूनच 'आलोच' म्हणाला.

सोमवारी ताप उतरून चोवीस तास झाल्यावर मॅडमनी त्यांना घरी सोडलं. घरी अनीश प्रॅक्टिकल देऊन आला होता आणि त्याच्या वर्गातली निम्मी मुलं खोकत होती, असं त्याने जेवताना सहज सांगितलं. यशोदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सरांनी मुकाट्याने आमटी वाढून घेतली.

पंधरा दिवसांत साथ ओसरली. कुलगुरूंनी हेल्पलाइन बंद करायला सांगितली, पण फोन यायचे थांबले नाहीत, म्हणून सरांनी नंबर विभागाच्या टेबलावरच्या फोनला जोडून दिला आणि दुपारी दोन तास युवराज आणि शिवयोगी तिथे बसू लागले. आता बसच्या वेळा विचारणारेही तिथेच फोन करायचे.

सई परत आली ती फेब्रुवारीत, वाळलेली, पण स्वतःच्या पायांनी दोन जिने चढून. ऋतुजा सोबत होती. सर, युवराज आणि शिवयोगी तिघंही विभागात होते. तिघंही उठून उभे राहिले. युवराजने खुर्ची पुढे केली.

"त्या दिवशी फोनवर तुम्हीच होतात ना?" तिने विचारलं.

"व्हय," युवराज म्हणाला आणि जरा ताठ झाला.

"तुम्ही तिघंही एकदम बोलत होतात. एक जण म्हणत होता जेवलीस का, एक म्हणत होता दम का लागतोय, आणि एक जण आकडे म्हणत होता. मला काही म्हणजे काही कळलं नाही. मी फोन ठेवणार होते."

सरांनी खाली पाहिलं. "तेवीस," ते म्हणाले.

"हिने फोन घेतला म्हणून बरं," सईने ऋतुजाकडे बोट केलं. "हिला मागून कुणीतरी 'मॅडमना लावा' म्हणालेलं ऐकू आलं, तेवढ्यावर हिने मला खाली आणून बसवलं."

"तो मी म्हणालो होतो," सर म्हणाले.

"मग ते तरी आधी म्हणायचं ना, सर."

शिवयोगीने चहा सांगितला. सई बसली, श्वास घेतला, आणि पिशवीतून आईने दिलेले शेंगदाण्याचे लाडू काढून टेबलावर ठेवले. मग तिने बुडालेल्या तासांच्या हजेरीचा अर्ज पुढे केला. अर्ज चार पानांचा होता. सरांनी तो शेवटपर्यंत वाचला, एकदा चष्मा पुसला आणि पहिल्याच पानावर मंजूर असं लिहून टाकलं.